दीपगृहाच्या दाराशी संपलेला गेम

गेल्या रविवारी सकाळी भाईंदरहून चौकची बस पकडली. उत्तनजवळचं समुद्राकाठचं गाव... कॉलेजात असताना तिथे सारखी जायचे, त्यानंतर कधी पाऊल टाकलं नव्हतं. खिडकीशी जागा मिळाली.

जाण्याचं कारण ऐकून हसाल. मला एका मैत्रिणीला एका कॉम्प्युटर गेमबद्दल विचारायचं होतं.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी कॉम्प्युटरच्या मासिकांसोबत सीडी यायची. तिच्यावर गेम्सचे डेमो असायचे, म्हणजे पूर्ण गेम बाजारात येण्याआधी थोडासा भाग खेळायला. माझी अकरावीतली मैत्रीण फिलोमिना चौकची. तिचा मामा जहाजावर होता, त्याने घरी कॉम्प्युटर आणून ठेवला होता आणि आम्ही दोघी त्याच्यासमोर तासन् तास बसायचो.

त्यातला एक डेमो माझ्या डोक्यात पक्का बसलाय. धुक्यातलं बंदर, एक होडी, धक्क्यावर जाळं विणत बसलेला म्हातारा. होडी वल्हवत दीपगृहापाशी जायचं, दार उघडायचं, आतून कंदील धरलेला एक हात बाहेर यायचा... आणि पाटी यायची की पूर्ण गेम लवकरच येतोय. तो कधीच आला नाही. पुढचे कितीतरी महिने आम्ही प्रत्येक सीडी शोधून बघितली.

मध्यंतरी सहज म्हणून जुन्या गेम्सच्या एका ग्रुपवर हे सगळं लिहिलं. तो गेम कोणालाच माहीत नव्हता. ग्रुपमधल्या एका जाणकाराने अगदी नम्रपणे लिहिलं, "ताई, तुम्ही दोन-तीन गेम्स एकत्र करताय. असा गेम कधी नव्हताच."

त्या शेवटच्या वाक्याने अंगावर काटा आला.

कारण असंच वाक्य आमच्या घरात आईच्या तोंडी असायचं. माझे वडील, आप्पा, पन्नाशी ओलांडल्यावर चेण्याच्या नदीवरच्या एका पिकनिकची गोष्ट सांगायला लागले. आई नदीत घसरली, त्यांनी हात धरून ओढून काढलं, तिची साडी मोरपिशी होती... आणि आई म्हणायची, "अहो, आपण चेण्याला कधी गेलोच नव्हतो." आधी सगळ्यांना गंमत वाटली. पुढे ते मला त्यांच्या बहिणीच्या नावाने हाक मारू लागले. मग डॉक्टर, आणि त्या विस्मरणाच्या आजाराचं नाव.

आता मीही त्या वयाकडे झुकलेय. आणि आप्पांना साडीचा रंग आठवायचा तसं मलाही कंदिलासकट आठवतंय, असं काहीतरी जे कधी नव्हतंच.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. दुकानात "भैया, वो..." म्हणून थांबले आणि साबुदाणा हा शब्दच सापडेना. मागे माणसं उभी होती, मी काही न घेता निघून आले. बेव्हर्ली पार्कातल्या आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये शिरलं की शेजाऱ्यांची नावं मनात घोकायचे. नवऱ्याला काही सांगितलं नाही... सांगितलं की ते खरं होईल, असं वाटायचं.

शेवटी जुन्या ओळखीतून फिलूचा नंबर मिळवला. येते म्हटलं, कशासाठी ते बोलले नाही. आपण काही सुचवायचं नाही, नाहीतर ती माझं मन राखायला हो म्हणेल, हे बसमध्येच ठरवलं.

फिलू अंगणात बोंबील वाळत घालत होती. केस पांढरे झालेत, हसणं तेच. चहा झाला, मुलाबाळांचं बोलून झालं, आणि मी जमेल तितक्या सहज विचारलं, "फिलू, आपण तुमच्याकडे कॉम्प्युटरवर काय खेळायचो गं?"

"पत्ते," ती म्हणाली. "ते पत्ते लावायचे नाय का."

"अजून काही?"

"न्हाय गो. अजून काय हाय आठवायला?"

कप खाली ठेवला. मी अंगणातल्या बोंबलांच्या काठ्यांकडे बघत राहिले. आता उठावं, घरी जावं आणि डॉक्टरांना फोन करावा, एवढंच डोक्यात होतं.

फिलू कप उचलून आत गेली आणि आतूनच म्हणाली, "एक होता बघ, होडीचा. म्हातारा बसायचा जाळं घेऊन. माझा पप्पा बोललेला, असं जाळं कोण विणतं, याला काय येत न्हाय."

मी रडायलाच लागले. ती घाबरून धावत बाहेर आली. मग तिला सगळं सांगितलं... ग्रुप, आप्पा, साबुदाणा.

तिने शांतपणे ऐकलं. मग म्हणाली, "पण कंदील न्हाय, हातपण न्हाय. दार उघडायचं आणि सगळं काळं. तू तर दार उघडायच्या आधीच डोळे मिटायचीस."

म्हणजे तो हात माझ्याच मनाने आणला होता. क्षणभर पुन्हा तीच भीती आली. फिलू माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "डॉक्टरकडे जा. जायला पायजे. पण एकटी जाव नको."

परतल्यावर नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मी सुट्टी टाकतो." पुढच्या आठवड्यात तपासणी आहे. भीती गेलेली नाही, खोटं कशाला बोलू.

तो गेम कधी आलाच नाही, आणि ग्रुपवरही आता त्याचा विषय निघत नाही. पण तो येणार होता हे माहीत असलेलं दुसरं माणूस चौकला राहतं... याचा केवढा आधार वाटतोय, सांगता येत नाही. थँक्यू, फिलू.