सोमवारची रिकामी चौकट

'गॅस सिलिंडर लावला.'

सकाळी साडेदहाला माझ्या फोनवर हा निरोप आला, तेव्हा मी इंद्रलोक भागातल्या एका सोसायटीच्या सेक्रेटरीशी हिंदीत हुज्जत घालत होतो. त्याचं म्हणणं, लिफ्ट महिन्यात दोनदा बंद पडली. माझं म्हणणं, लिफ्टमधून कपाटं चढवली की ती रुसणारच. त्यात हा सिलिंडर. कोणी लावला, कुठे लावला आणि मला का सांगितलं, काही कळेना. ऑफिसात परतलो तर सगळे खो खो हसत होते. निरोप आठही जणांना गेला होता.

आमचं ऑफिस भाईंदर पूर्वेला, नवघरच्या बाजूला, एका इमारतीच्या तळमजल्यावर. काम लिफ्टच्या देखभालीचं. पाच मेकॅनिक, एक स्टोअर सांभाळणारा, तक्रारींचा फोन घेणाऱ्या एक ताई आणि या सगळ्यांच्या कामाची आखणी करणारा मी. त्या उन्हाळ्यात मालकांनी सगळ्यांच्या फोनवर एकच सामायिक कॅलेंडर टाकून दिलं होतं. कोण कुठल्या इमारतीत जाणार, कोणाची रजा कधी, सगळं सगळ्यांना दिसणार. मला ते अजिबात पसंत नव्हतं. मी जाड रजिस्टरवर वाढलेला माणूस. रजिस्टर माझ्या खणात, खणाची किल्ली माझ्या खिशात, त्यामुळे रजा मागायला प्रत्येकाला माझ्यासमोर उभं राहावं लागायचं. त्यात एक मजा होती, हे आता कबूल करायला हरकत नाही.

सिलिंडरवाल्या म्हणजे आमच्या ताई. पन्नाशीच्या, मूळच्या रत्नागिरीकडच्या. मेकॅनिक त्यांना मावशी म्हणायचे. मालकांनी सांगितलं, "सगळ्यांनी आपापलं कॅलेंडरवर टाका," आणि ताईंनी शब्दशः सगळं टाकलं. घरी फ्रिजशेजारच्या कॅलेंडरवर आपण पेनाने जे जे लिहितो, ते ते. सिलिंडर कधी लावला, पाणी कधी येणार नाही, संकष्टी, नणंदेचा वाढदिवस. प्रत्येक नोंदीला आठ फोन वाजत होते.

"ताई, हे ऑफिसचं कॅलेंडर आहे," मी म्हटलं.

"मग मी ऑफिसातच टाकतेय ना, साहेब," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज कधी चढत नसे. लिफ्टमध्ये अडकलेली माणसं त्या आवाजाने शांत होत.

शेवटी त्यांच्या घरगुती नोंदी मीच पुसायला बसलो. सिलिंडर पुसला, पाणी पुसलं, नणंदेला पुसलं. मग मंगळवारच्या चौकटीत एक ओळ दिसली. 'ह्यांचं डायलिसिस, ४ वाजता.' गुरुवारी तीच ओळ. शनिवारी तीच. पुढचा आठवडा उघडला, तिथेही. पुढचा महिना उघडला. दिवाळी आली, तिथे होती. संक्रांत आली, तिथे होती. मी बोटाने पानं सारत राहिलो आणि ती ओळ काही संपेना. नोंद कधी थांबवायची ते ताईंनी भरलंच नव्हतं.

माझा हात थांबला. गेली काही वर्षं ही बाई मंगळवार, गुरुवार आणि शनिवारी सव्वातीनला पर्स उचलून निघायची आणि 'घरचं काम आहे' एवढंच सांगायची. एकदा मी चारचौघांत विचारलं होतं, "काय ताई, दर मंगळवारी घरी लग्न असतं की काय?" त्या हसल्या होत्या. ते हसणं आठवून माझे कान तापले. ती ओळ मी पुसली नाही. त्यांना विचारलंही नाही. काय विचारणार होतो?

पुढच्या काही दिवसांत जे झालं त्याने मी चकित झालो. दर मंगळवारी चारला आमची मीटिंग असायची. ती बुधवारी सकाळी सरकली. कोणी सरकवली ते मी शोधलं नाही. सव्वातीननंतर फोनवर कोण, या नोंदीसमोर सर्वांत जुन्या मेकॅनिकने आपलं नाव टाकलं. हा माणूस एरवी आपला पाना दुसऱ्याला देताना दहा प्रश्न विचारतो. डायलिसिस हा शब्द ऑफिसात एकदाही कोणी उच्चारला नाही. ताई सव्वातीनला उठायच्या आणि कोणी घड्याळाकडे बघायचं नाही. माझ्या रजिस्टरने इतक्या वर्षांत हे कधी घडवून आणलं नव्हतं. त्याला कसं जमणार, ते तर कुलपात होतं.

मग गणपती जवळ आले. आमच्याकडची रीत अशी की मेकॅनिक आधी गाडीची तिकिटं काढतात आणि मग रजा मागतात. "तिकीट झालंय साहेब, आता काय करणार मी," असं म्हटलं की माझं तोंड बंद. चार मेकॅनिक कोकणातले, त्या चौघांच्या रजेच्या जांभळ्या पट्ट्या कॅलेंडरवर एकाखाली एक चढल्या. पाचवा गोडदेवचा, त्याचं गावच इथे, म्हणून तो राहणार. पाचवी पट्टी माझी. घरी दीड दिवसाचा गणपती असतो आणि चतुर्थीला मी कधीच कामावर आलेलो नाही. फोन ताई सांभाळतात, हे दरवर्षी ठरलेलंच. "आमचं काय, इथे दोघंच," असं त्या म्हणायच्या आणि आम्ही ते सोयीस्करपणे खरं मानायचो.

त्या वर्षी चतुर्थी सोमवारी होती. एका संध्याकाळी सगळ्यांच्या फोनवर ताईंची नवी नोंद आली. रविवार ते मंगळवार. 'गावचा गणपती. जमलं तर? हे विचारतायत.'

मी ती दोनदा वाचली आणि मग मला तिचा अर्थ लागला. शनिवारचं डायलिसिस संपल्यापासून मंगळवारचं सुरू होईपर्यंत जी सर्वांत मोठी फट असते, तिच्यात चतुर्थी बरोबर बसत होती. शनिवारी सुई निघाली की निघायचं, मंगळवारी पहाटे परत फिरायचं. आजारी माणसाला गावी जायला सापडलेली तेवढीच वाट. इतक्या वर्षांत ती पहिल्यांदा उघडली होती, आणि ती शोधणारा माणूस घरी बसून वार मोजत असणार, या विचाराने मला गलबलून आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा आठ फोन वाजले. ताईंनी नोंद रद्द केली होती. त्यांनी आमच्या पट्ट्या बघितल्या असणार आणि फोनवर कोण बसणार, हा प्रश्न स्वतःच सोडवला असणार. गुपचूप रद्द करायचं होतं त्यांना, पण ते यंत्र काहीच गुपचूप करत नाही. समोर त्या नेहमीच्या आवाजात फोनवर कोणाला तरी समजावत होत्या, "घाबरू नका, माणूस निघालाय."

दुपारी गोडदेवच्या मेकॅनिकने रविवारच्या फोनसमोर आपलं नाव टाकलं. "मी हाय ना. मना कुठं जायाचं न्हाय," असं तो मला वाटेत थांबवून म्हणाला. तासाभराने स्टोअरवाल्याने मंगळवार घेतला. राहिली सोमवारची चौकट. ती दिवसभर रिकामी होती आणि तिच्यावर माझी जांभळी पट्टी पसरली होती. कोणी माझ्याकडे बघत नव्हतं, आणि ते न बघणं मला चांगलंच कळत होतं.

घरी जाऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "हे मला विचारतोयस की सांगतोयस?" मग तिनेच गुरुजींना फोन लावला. चतुर्थीच्या दिवशी गुरुजींच्या वेळा म्हणजे मोठं अवघड प्रकरण. ते म्हणाले, पहाटे पाचला येतो, नाहीतर थेट दुपारी तीनला. आम्ही पाच घेतले.

सकाळी ऑफिसात बसून मी माझी पट्टी काढली. सोमवारच्या फोनसमोर नाव लिहिलं. मग ताईंची रद्द झालेली नोंद मी माझ्या हाताने परत टाकली. 'गावचा गणपती.' प्रश्नचिन्ह नाही, 'जमलं तर' नाही. आठ फोन वाजले. ताईंनी आपला फोन उचलून वाचला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला.

"साहेब, हे चुकून पडलं का?"

"नाही."

त्यांनी वहीतलं एक पान फाडलं. मग एक चिठ्ठी लिहून माझ्या टेबलावर ठेवली. 'आधी नाव विचारा. मजला नंतर.'

चतुर्थीला पहाटेची पूजा उरकून आठला मी फोनवर बसलो. पावणेदहाला पहिला फोन. नवघरमधल्या एका इमारतीत आजी, सून आणि हातात गणपतीची मूर्ती, तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये. माझ्या ओठांवर पहिला शब्द 'कुठे' असाच आला होता. चिठ्ठी समोर होती म्हणून नाव विचारलं. आजींनी नाव सांगितलं आणि त्यांचा श्वास जागेवर आला, तो मला ऐकू आला. मेकॅनिक पोचेपर्यंत आम्ही दोघांनी फोनवर आरती म्हटली. ताई वर्षानुवर्षं या खुर्चीत काय करत होत्या, ते मला त्या दिवशी कळलं, आणि मी थक्क झालो.

मंगळवारी तीनला सगळ्यांच्या फोनवर आठवण वाजली. 'ह्यांचं डायलिसिस, ४ वाजता.' हायवेचं काही खरं नसतं. स्टोअरवाला फोनशेजारी होता, विसर्जनाला अवकाश होता म्हणून मी उगाच फायली लावत होतो, गोडदेवचा मेकॅनिक काम नसताना येऊन उभा राहिला होता. चार वाजले. चार दहा झाले.

चार वाजून अठरा मिनिटांनी फोन वाजले. 'पोचलो. सुई लागली. ह्यांनी आरती उभं राहून म्हटली.'

मेकॅनिक नाक ओढत बाहेर गेला. मी खिडकीकडे तोंड करून बसलो.

बुधवारी ताई खोबऱ्याच्या वड्या घेऊन आल्या आणि फोनवर बसल्या. दुपारी पुन्हा एक निरोप आला. मी उघडून बघितला तर नोंद थेट पुढच्या वर्षीची. त्या कॅलेंडरला तिथी कळत नाही, म्हणून त्यांनी पंचांगात बघून टाकली होती. 'गावचा गणपती. जमलं तर?' पुढच्या वर्षी चतुर्थी भलत्याच वारी येते, डायलिसिसच्या फटीत ती बसत नाही. त्यांना ते ठाऊक होतं. मलाही बघताक्षणी कळलं.

ते प्रश्नचिन्ह मला काढता येण्यासारखं नव्हतं. मी त्याखाली एवढंच लिहिलं, 'फोनवर मी.'