ओदेतबाईंचा पिवळा रंग

फ्रान्समधलं रिशल्यू गाव आखणाऱ्याच्या हातात पट्टी होती, पण डोक्यात माणसं नव्हती, असं ओदेतबाईंचं ठाम मत. मोठ्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी सारखीच घरं, सारखेच तपकिरी दरवाजे. त्यातून बाईंचं घर जुनी वास्तू म्हणून सरकारी संरक्षणातलं. खिळा ठोकायचा तरी परवानगी. दरवाजा पिवळा करू का, असं त्यांनी विचारलं, तेव्हा तपासनीस म्हणाले, "मादाम, दार तुमचं असलं तरी त्याचं तोंड गावाचं आहे."

"आणि माझं तोंड?"

"त्यावर कुणाचाच ताबा नाही, असं ऐकतो."

या दारापायी बाईंचं लग्न मोडता मोडता राहिलं. शेजारच्या खेड्यातले विधुर गास्तों दर सोमवारी बाजाराला येत, दक्षिणेच्या वेशीतून शिरत आणि डाव्या हाताच्या तिसऱ्या, म्हणजे बाईंच्या दारात वळत. त्या सोमवारी ते मागणी घालणार, हे बाईंसकट अख्ख्या बाजाराला ठाऊक होतं. नेमका दक्षिणेचा रस्ता खणलेला. गडी उत्तरेच्या वेशीतून आला आणि सवयीने डाव्या हाताच्या तिसऱ्या दारात शिरला!

इकडे ओव्हनमधलं बदक वाळत चाललं, बाईंचा चेहराही. म्हाताऱ्याने कच खाल्ली म्हणायची! तेवढ्यात मैत्रीण रेमोंद चेरी चघळत आली. एका हातात गास्तोंची बाही.

"ओदेत, हा माल तुझा ना गं? माझ्या दाराआतल्या अंधाऱ्या बोळात गुडघे टेकून सगळं बोलून मोकळा झाला."

"आणि तू ऐकत राहिलीस?"

"का अडवू? इतकं गोड माझा नवरासुद्धा बोलला नव्हता. मी 'हो' म्हटलं, तेव्हा कुठे आवाज ओळखून दचकला!"

"चष्मा घरी राहिला हो," गास्तों पुटपुटले.

"पुढच्या सोमवारी या," ओदेतबाई म्हणाल्या. "माझ्याच दारात आलात, तर उत्तर मिळेल."

म्हणाल्या खऱ्या, पण आठवडाभर झोप कुणाची उडाली? बाईंचीच. रस्ता अजून खणलेलाच होता.

सोमवारी बाई उंबऱ्यासमोर खुर्ची टाकून बसल्या. अंगात पिवळाधमक झगा, डोक्यावर पिवळी टोपी. तपासनीस धापा टाकत आले. "मादाम, दाराला काहीतरी पिवळं लावल्याची तक्रार आहे."

"लावलेलं नाही. बसलंय."

"हे... काढावं लागेल."

"काढीन की. पण तुमच्यासमोर नाही!"

तपासनीस कानापर्यंत लाल झाले. तोवर उत्तरेच्या वेशीतून चेरीची टोपली घेतलेला एक माणूस आला, रेमोंदच्या दाराशी क्षणभर घुटमळला, मग दूरवरचा पिवळा ठिपका पाहून सुसाट निघाला. समोर येऊन तो गुडघे टेकणार, तोच बाई ओरडल्या, "अहो, खाली बसू नका, उठवणार कोण? हो म्हटलं, हो! साहेब, जरा टोपली धरा."