वनमालाचं पितळी कुलूप

"भावोजी, मी फोटोग्राफर बघतेय, जावई नाही."

"तेच तर! जावई एका दुपारी ठरला. फोटोग्राफर तू आतापर्यंत चार हाकललेस, वहिनी!"

"पहिल्यानं अल्बम उघडायच्या आधी लाडू मागितला."

"माणूस आहे गो तो!"

घाटकोपरच्या भटवाडीत वनमाला आणि तिचा धाकटा दीर जयवंत सकाळपासून असे जुंपले होते. लग्न जयवंतच्या मुलीचं, मीराचं. पण फोटोग्राफर मीच ठरवणार, असं वनमालानं जाहीर करून टाकलेलं. तिला नाही म्हणायची कुणाची छाती नव्हती, कारण घरातल्या प्रत्येक लग्नात कोठी तिच्याकडे. नारळ, साखर, लाडू, अहेराच्या साड्या, सगळं तिच्या ताब्यात. हॉलवाल्याच्या कुलपावर तिचा काडीचा विश्वास नव्हता. आपलं पितळी कुलूप ती घरून न्यायची. बाहेर अक्षता पडायच्या तेव्हा ही आत लाडवांवर पहारा देत बसलेली.

त्यामुळे नात्यातल्या एकाही अल्बममध्ये वनमाला नव्हती. गेल्या वर्षी पुतण्याच्या लग्नात मात्र फोटोग्राफर चक्क कोठीत आला. "काकी, हसा!" फ्लॅश उडाला. वनमाला हसली, त्याच्या खिशात लाडू कोंबले. अल्बम आल्यावर तिनं तो पुढून चाळला, मागून चाळला, चिकटलेली पानं नखानं सोडवून बघितली. फोटो नव्हताच. मेल्यानं कॅमेऱ्याचं बटण न दाबता नुसता फ्लॅश उडवला होता!

"लाडू फुकट गेले," एवढंच ती घरात म्हणाली.

आता पाचवा समोर बसला होता. मुलुंडचा शिवदास. वनमालानं त्याच्या अल्बमला हातही लावला नाही.

"खोटा फ्लॅश मारतोस?"

शिवदासचा चहा बशीत सांडला. "मारतो."

जयवंतनं कपाळाला हात लावला. आधीच्या चौघांनी आईची शपथ घेऊन नाही म्हटलं होतं.

"कुणाला मारतोस?"

"एक काका असतात बघा. प्रत्येक फोटोत नवरदेवाच्या खांद्यावर हात. त्यांच्यावर रोल संपवला तर नवरी कशात काढू?"

जयवंतला एकदम ठसका लागला.

"आणि कोठीतल्या बाईला?"

"खरं सांगू काकी? कोठीत मी जातच नाही. अक्षता पडतात तेव्हा माझे डोळे बोहल्यावर. फोटोत यायचं तर तिथं यायला हवं ना! आत बसून कसं जमेल?"

वनमालानं लाडवांचा डबा स्वतःकडे ओढला. गेला हा पण, असं जयवंतला वाटलं.

"तिथं म्हणजे कुठल्या बाजूला?" तिनं हळूच विचारलं.

"नवरीच्या डाव्या हाताला. उजवीकडे मामा असतात, जाडे असले तर सगळं झाकतात."

"मोरपंखी रंग नीट येतो?"

"झकास येतो."

वनमालानं डबा उघडून न मागता त्याला लाडू दिला.

"सुटलो बाबा!" शिवदास गेल्यावर जयवंतनं माळ्यावरची पिशवी काढली. "हे घे तुझं कुलूप. तेल घालून ठेवलंय, बघ कसं फिरतंय."

वनमालानं कुलूप घेतलं, किल्ली फिरवून बघितली आणि दोन्ही त्याच्याच तळहातावर ठेवली. मग ट्रंकेतली मोरपंखी साडी काढून पिशवीत भरली, ब्लाऊजपीस वर ठेवला आणि चपला पायात सरकवल्या.

"शिंप्याकडे आत्ता? अगं पण वहिनी, कोठी कोण सांभाळणार?"

वनमाला जिना उतरायला लागली होती.