कीबोर्डातला पाऊस

आधीच सांगून ठेवते — मी भुताखेतांतली बाई नव्हे. गल्लीत कुणाच्या अंगात आलं की मी आधी नाडी बघणारी. नातवंडं म्हणाली, आजी, लिही एकदाचं... म्हणून लिहितेय. हसायचं तर तेव्हाच्या मला हसा, मीही हसते.

साल अठ्ठ्याण्णव, कोल्हापूर, मंगळवार पेठ. आमचे हे ऑर्केस्ट्रात वाजवायचे. मोठा कीबोर्ड कार्यक्रमाला जायचा, घरी एक छोटा, जुना जपानी असायचा. त्यात दोन सेकंद आवाज भरता यायचा. ह्यांनी भरून ठेवलेला — "सुमे, चहा टाक." मागं आमच्या कुकरची शिट्टी. पट्टी दाबली की हुकूम. वरची दाबली की तोच हुकूम चिमणीच्या आवाजात. खोड एकच, बंद केला की आवाज पुसला जायचा. म्हणून तो कायम चालू. वीज गेली तर सेलवर.

त्या जुलैत कोकणातनं परतताना गगनबावड्याला चहाच्या टपरीत ह्यांच्या छातीत कळ आली. पत्र्यावर पाऊस कोसळत होता म्हणे. चहा सांगितला होता... तो यायच्या आत गेले.

मग मी रोज पट्टी दाबायची, दोन कप चहा करायची आणि दोन्ही मीच प्यायची. पित्त खवळलं, पण सोडलं नाही.

आली खंडेनवमी. हत्यारांची पूजा नको का? विळी, शिलाई मशीन आणि ह्यांचा कीबोर्ड मांडला. ओल्या फडक्यानं पुसला, हळदकुंकू वाहिलं, फुलानं पाणी शिंपडलं. एकदा कमी वाटलं म्हणून दोनदा. आत चट् झालं, लाल दिवा गेला. तीन महिने ज्याच्या बंद करायच्या बटणाला हात लावला नाही, त्याला मी शहाणीनं आंघोळ घातली.

शाहूपुरीत बशीरभाई रेडिओ दुरुस्त करायचे. त्यांनी खोलून बघितलं.

"वैनी, ह्यातला मेन आयसी, म्हंजे ह्याचा मेंदूच, गेलाय. मॉडेल कवाच बंद झालंय. पुण्या-मुंबईत बी मिळायचा न्हाय."

"मिळाला तर आवाज येईल?"

"न्हाय की. पाटी पुसल्यावर फ्रेम बदलून अक्षर येतंय व्हय?"

पटत होतं. तरी रोज त्यांच्या स्टुलावर जाऊन बसायची. गिऱ्हाइकं मलाच रेडिओचं विचारायला लागली. नृसिंहवाडीला नवस बोलून आले; दत्ताकडं आयसी मागणारी मीच पहिली असेन. घरी पट्टी दाबायला बोट आपोआप उठायचं आणि टेबलावर पडायचं. त्या आवाजावाचून जगायचं कसं, हे मला खरंच कळत नव्हतं.

शेवटी पेठ वडगावच्या एका बँडवाल्याच्या माळ्यावर तसलाच कीबोर्ड सापडला. मोडका, कित्येक वर्षं बंद. त्यानं ह्यांना कधी बघितलंही नव्हतं. बशीरभाईंनी त्यातला आयसी काढून आमच्यात बसवला. डिसेंबरातली दुपार, बाहेर लख्ख ऊन. दिवा लागला. त्यांनी सहज पट्टी दाबली.

"सुमे, चहा टाक."

ह्यांचाच आवाज. पण धाप लागलेला. आणि मागं कुकर नव्हता... पत्र्यावर कोसळणारा पाऊस होता.

बशीरभाईंनी वर स्लॅबकडं बघितलं, मग दाराबाहेर.

"वैनी... पाऊस कुठं पडालाय?"

गगनबावड्याचं मी त्यांना काहीच सांगितलेलं नव्हतं.

"बंद करू नका," म्हटलं आणि समोरच्या टपरीकडं धावले. जाताना एक चप्पल गटारात गेली, ती तिथंच सोडली. कप आणून ठेवला, कीबोर्डपासून हातभर लांब. एवढी अक्कल तोवर आली होती.

चहा निवू दिला. मग मी पट्टी दाबली. नुसता पियानो वाजला. सगळ्या पट्ट्या दाबल्या — पियानोच.

बशीरभाई मरेपर्यंत म्हणत राहिले, "वैनी, आयसीत असं व्हत न्हाय." मलाही माहीत आहे, होत नाही. त्या दिवसापासून मी एकच कप करते. दुसरा ह्यांच्यापर्यंत पोचला कसा, ते मात्र अजून कुणी सांगू शकलेलं नाही.