दोरीसाहेबांची बाळंतीण

आमच्या शेजारचे गृहस्थ समुद्रकाठच्या राष्ट्रीय उद्यानाचे रखवालदार अधिकारी. तिथे त्यांना सगळे साहेब म्हणतात. गल्लीत आम्ही दोरीसाहेब म्हणतो. त्यांच्या खिशात एक वेळ रुमाल नसेल, पण दोरी असतेच. दिसली नाजूक जागा की ठोक खुंट्या, बांध दोरी. बरं, नुसतं अडवून थांबणारा हा माणूस नाही. एक वाट बंद केली की दुसरी स्वतः राबून मोकळी करणार. वर म्हणणार, "लोकांनी समुद्र नाही बघायचा, तर काय माझं तोंड बघायचं?"

यंदा मात्र त्यांच्या जिवाला घोर लागला. चिखल्या नावाचा चिमणीएवढा पक्षी उघड्या वाळूतच अंडी घालतो. अंडीही अशी वाळूच्या रंगाची की पाय पडेपर्यंत दिसत नाहीत. गेली दोन वर्षं ती पायाखालीच गेली. तेव्हा साहेब दोन दिवस धड जेवले नव्हते, हे त्यांच्या बायकोनं, म्हणजे वहिनींनी, मला कुंपणावरून आपणहून सांगितलं. मी फक्त चारदा विचारलं होतं. यंदा तीन अंडी, तीही पोहायला जायच्या वाटेच्या मधोमध, ऐन सुट्टीत! त्यात वरच्या ऑफिसातून फोन: "वाट अडवली म्हणून एक जरी तक्रार आली, तर दोरी सोडायची."

साहेबांनी दोरी बांधली, शेजारून फळ्यांची नवी वाट केली आणि पाटी लावली. बोलणं मोजून, त्यामुळे पाटीवर तीनच शब्द: "येथे अंडी आहेत."

सकाळी पहिल्याच बाई पिशवी उघडून उभ्या. "डझन कशी दिली?"

"विकायची नाहीत हो."

"मग पाटी कशाला लावलीत?"

मागून एक काका "उकडलेली आहेत का?" म्हणत दोरीखालून वाकलेसुद्धा. साहेबांनी दंडाला धरून त्यांना मागे ओढलं. काका तक्रारवही मागायला लागले. ती सापडेना, म्हणून त्या दिवशी निभावलं. (ती साहेबांच्याच बुडाखाली होती, असं ऐकतो.)

संध्याकाळी त्यांच्या पायरीवर बसून साहेबांच्या तोंडून हे ऐकताना माझं हसून पोट दुखलं. वहिनी हसल्या नाहीत. साहेबांना म्हणाल्या, "आपल्याकडे बाळ झालं, तेव्हा गल्लीतली दांडगट पोरंसुद्धा चपला हातात घेऊन जायची. दोरी बांधली होती का कुणी? तुम्ही तर घरातच नव्हता, कासवं मोजत होतात!"

टोमणा बसला, पण वाया गेला नाही. दुसऱ्या दिवशी नवी पाटी: "आत बाळंतीण आहे. फळीवरून हळू चाला."

काय सांगू! लोक कुजबुजत जायला लागले. कुणी गाणी बंद केली. तेच काका रोज येऊन विचारायचे, "कशी आहे तब्येत?" साहेब छत्रीखाली दुर्बीण लावून बसलेले. बोट वर करायचे, म्हणजे ठीक. पंचवीस दिवसांत एक तक्रार नाही.

अखेर एका सकाळी कापसाचे तीन बोळे वाळूवर तुरुतुरु धावले आणि आईमागून गवतात शिरले. साहेबांनी डोळे पुसले. वाळू गेली म्हणाले. मग दोरी सोडली, पाटी काढली.

पण त्या वाटेनं कुणी जाईना! सगळे आपले फळीवरून, पाय न वाजवता.

"अहो, चला की इथून!" साहेब ओरडले. "वाट मोकळी आहे आता!"

पिशवीवाल्या बाई वळल्या आणि ओठांवर बोट ठेवलं. "हळू बोला हो, साहेब. लहान बाळं आहेत."

साहेबांनी जीभ चावली, चपला हातात घेतल्या आणि गुपचूप फळीवर चढले.