लायसन्स माझ्या नावावर

शिलाई मशीनच्या तेलाचा वास आला की ठाण्यातलं ते बंदुकांचं दुकान आठवतं आणि आजही डोकं फिरतं. ठाकुर्लीतल्या एका गुंडाविरुद्ध मी कोर्टात साक्ष दिलेली. तेव्हापासून धमक्या यायच्या, म्हणून रिव्हॉल्व्हरचं लायसन्स मिळालेलं, माझ्या नावावर. दुकानदाराने तेल पुसत सगळ्यात हलकं रिव्हॉल्व्हर काढलं आणि सरळ माझ्या नवऱ्याच्या हातात दिलं. "बघा साहेब, वजनच नाही. वहिनींच्या पर्समध्ये आरामात मावेल." मी म्हटलं, "अहो, वापरणार मी आहे, माझ्या हातात द्या ना." तो हसला. "वेळ आली तर चालवणार साहेबच ना, वहिनी!" नवराही हसला. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात मी एकटी उभी होते, तेव्हा नाही कोणी म्हणालं, वहिनी, तुम्ही बसा, साहेब बोलतील.