पुसायचं नाही, साफ करायचं

आमच्या घरी कॉम्प्युटर आला तो भाऊ नोकरीला होता त्या साखर कारखान्यातून. ऑफिसात नवी मशिनं आली तेव्हा जुनी कर्मचाऱ्यांना देऊन टाकली. त्यातलं एक भावानं घेतलं आणि जीपच्या मागच्या सीटवर गोधडीत गुंडाळून नगर जिल्ह्यातल्या आमच्या कर्जतला आणलं. नव्वदचं दशक संपत आलं होतं. आमच्या गल्लीत तोवर कॉम्प्युटर कुणाकडेच नव्हता. आईनं खिडकीजवळचं शिलाई मशीन सरकवलं आणि त्याला जागा करून दिली.

मी तेव्हा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होते. आई नर्स म्हणून निवृत्त झालेली. तिची सगळी नोकरी खेड्यांत गेली. सुरुवातीला खर्ड्याच्या बाजूला, मग घोडेगावला, शेवटी आमच्या कर्जत तालुक्यात. आमच्या आजोबांनी बाबासाहेबांच्या मागोमाग धम्म घेतला आणि मुलीला शिकायला नगरला पाठवलं. ती नर्स होऊन परत आली. तिच्या हातावर किती पोरं जन्मली, याचा तिनं कधी हिशेब ठेवला नाही, पण प्रत्येक बाळंतपण तिला लक्षात होतं. कोणत्या घरात, कशी बाई, मूल पायाळू होतं की आडवं, दारात कोण उभं होतं, सगळं.

निवृत्तीनंतर तिच्या डोळ्यांना कमी दिसायला लागलं. कॉम्प्युटर आला त्याच महिन्यात ती म्हणाली, "मी सांगते, तू टाईप कर. एवढं मात्र माझं राहू दे."

मग शाळेतून आले की चहा घेऊन आम्ही दोघी बसायचो. ती खाटेवर, मी की-बोर्डपाशी. मराठीचा फाँट मी इथल्या कॉम्प्युटर क्लासमधून फ्लॉपीवर आणला होता. एका गावाची एक फाइल, असं आम्ही ठरवलं. दोन पावसाळे आमचं हे काम चाललं. आई सांगताना कधी मध्येच उठून बाहेर जायची. मी वाट बघायची. घोडेगावच्या फाइलीत एका घराची गोष्ट होती, ती सांगायला तिनं फार दिवस घेतले.

मग कॉम्प्युटर हळू चालायला लागला. आधी वाटलं, जुना आहे, थकला असेल. फाइल उघडायला लावून मी पोळ्या लाटायला जायची आणि परत यायची, तरी पडद्यावर ते वाळूचं घड्याळ गळतच असायचं. मग फाइली विचित्र वागायला लागल्या. सेव्ह करायला गेलं की भलत्याच प्रकारची फाइल म्हणून सेव्ह व्हायच्या, नाव बदलू द्यायच्या नाहीत. एक दिवस खर्ड्याची फाइल उघडलीच नाही. दुसऱ्या दिवशी उघडली.

क्लासचे सर घरी आले, मशीन बघितलं आणि म्हणाले, "व्हायरस आहे ताई. तुमच्या फाइलींमध्येच शिरलाय. फॉरमॅट मारावा लागेल."

"म्हणजे?"

"सगळं पुसायचं आणि नव्यानं टाकायचं."

"आणि माझ्या फाइली?"

"त्या कॉपी करून ठेवल्या तरी उपयोग नाही. परत टाकल्या की त्यांच्याबरोबर व्हायरस परत येणार. छापून घेतल्या असत्या तर बरं झालं असतं." पण आमच्याकडे प्रिंटर नव्हता, आणि क्लासमधल्या मशीनवर ते माझी फ्लॉपी घालू देईनात. त्यांचंही बरोबर होतं, सगळी मशिनं आजारी पडली असती.

आई खाटेवर बसून ऐकत होती. सर गेल्यावर म्हणाली, "पुसू नको. मी परत सांगणार न्हाई. एकदा सांगताना माझा जीव अर्धा झालाय."

भाऊ म्हणाला, "आये, मशीनच बिघडलं तर ती तरी काय करणार?"

"काय करायचं ते ती बघंल. ताप आला म्हणून पेशंटला कुणी पुरतं का?"

माझं मनात ठरलं होतं की पुसायचं नाही, साफ करायचं. व्हायरस साफ करणारं सॉफ्टवेअर नगरला मिळतं, हे ऐकून होते; पण ते कोणाच्या सांगण्यावरून घ्यायचं नाही, स्वतः बघून घ्यायचं.

मी एक युक्ती केली. शाळेला रजेचा अर्ज म्हणून एक साधं पत्र मराठीत टाईप केलं, त्याच आजारी मशीनवर, म्हणजे त्यालाही लागण झाली. ते फ्लॉपीवर घेतलं. ते गेलं तरी माझं काही जाणार नव्हतं. सोबत दुसऱ्या फ्लॉपीवर फाँट घेतला. दिवाळीच्या सुट्टीत सकाळची एसटी पकडली आणि मिरजगाव मार्गे नगरला गेले. माळीवाड्याच्या स्टँडवर उतरले ते थेट कॉम्प्युटरच्या दुकानांकडे.

पहिल्या दुकानात काचेच्या कपाटात मोठमोठे चकचकीत खोके मांडले होते. दुकानदार तरुण होता, टाय लावलेला. मी म्हटलं, "या फ्लॉपीवर एक पत्र आहे. त्याला व्हायरस लागलाय. तुमच्या सॉफ्टवेअरनं तो काढून दाखवा, आणि पत्र जसंच्या तसं राहिलेलं दाखवा."

"मॅडम, हे परदेशी आहे. नंबर एक."

"असेल. दाखवा."

त्यानं फ्लॉपी घातली. पडद्यावर निळी पट्टी सरकली, घंटी वाजली, आणि तो खूश होऊन म्हणाला, "झालं! व्हायरस गेला."

"पत्र उघडा."

त्यानं फ्लॉपी उघडली. ती रिकामी होती.

"पत्रही गेलं," मी म्हटलं.

"लागण झालेली फाइल उडवतंच ते. तसंच सेटिंग असतं."

मी पत्राची आणखी एक फ्लॉपी काढली. पत्राच्या प्रती मी तशाही करूनच आणल्या होत्या. "मग उडवायचं नाही, असं सेटिंग करून दाखवा." त्याला ते सापडेना. शेवटी गिऱ्हाईक आलं म्हणून त्यानं मला हात जोडले.

पुढच्या दोन दुकानांत तर कुणी दाखवायलाच तयार नव्हतं. "आधी घ्या, मग घरी लावून बघा," म्हणाले. एकानं कॉपी केलेली सीडी पुढे केली, तिच्यात सगळंच होतं म्हणे. मी विचारलं, "ही सीडी तरी तपासलेली आहे का?" तो हसला आणि सीडी परत ड्रॉवरमध्ये टाकली.

दुपार झाली. एका रसवंतीवर उसाचा रस घेतला आणि तिथल्याच माणसानं एका रिपेअरवाल्याचा पत्ता सांगितला. बोळातलं लहान दुकान. उघड्या मशिनांच्या मध्ये एक वयस्कर मुसलमान गृहस्थ बसले होते, चष्मा कपाळावर. त्यांनी माझं सगळं म्हणणं ऐकून घेतलं. फ्लॉपी पाहण्याआधी विचारलं, "बेटी, घरचं मशीन कोणतं आहे? मेमरी किती?"

सांगितल्यावर मान हलवली. "मग मोठं सॉफ्टवेअर काय कामाचं? ते चालेल माझ्याकडे. तुझ्याकडे ते लावलं, की व्हायरसनं जितकं हळू केलंय त्याच्यापेक्षा जास्त हळू ते करेल."

त्यांनी आधी ते मोठं चालवून दाखवलंच, माझा हट्ट म्हणून. पत्र साफ झालं, फ्लॉपीवर फाइल राहिलीही. मग एका फ्लॉपीवर मावणारं छोटं सॉफ्टवेअर काढलं. काळा पडदा, पांढरी अक्षरं. शोभा काही नाही. मी पत्राची दुसरी प्रत दिली. सॉफ्टवेअरनं व्हायरस शोधला आणि थांबून विचारलं, साफ करू, उडवू, की सोडून देऊ? मला तेच हवं होतं. विचारणारं. त्यांनी 'साफ' निवडलं आणि पत्र उघडलं.

पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा नुसता चिवडा.

चाचांचा चेहरा उतरला. "फाइल खराब झाली वाटतं. माफ कर, बेटी."

मी पुढे वाकले. तो चिवडा मला ओळखीचा होता. फाँट नसला की आमची मराठी अशीच दिसायची. "चाचा, फाइल चांगली आहे. तुमच्याकडे मराठी नाही, म्हणून अशी दिसतेय." माझी फाँटची फ्लॉपी घालून फाँट टाकला, सगळा मजकूर निवडला, फाँट बदलला. 'मा. मुख्याध्यापक यांस' पासून खालच्या सहीपर्यंत सगळा अर्ज जागच्या जागी उभा राहिला. एक वेलांटीही हललेली नव्हती.

चाचा हसले. "सुट्टी मिळाली तुला."

मग त्यांनी बजावलं. व्हायरसची ओळख पटवणारी यादी या सॉफ्टवेअरच्या पोटात असते. नवे व्हायरस येतात तशी यादी नवी घ्यावी लागते. दर दोन-तीन महिन्यांनी फ्लॉपी घेऊन ये. आणि घरी मशीन चालू करताना या फ्लॉपीवरूनच चालू कर, आतल्या व्हायरसला जागं होऊ देऊ नको. फ्लॉपीच्या कोपऱ्यातलं बारकं खिटीसारखं बटण सरकवून दिलं, म्हणजे तिच्यावर कुणालाच काही लिहिता येणार नाही, व्हायरसलाही नाही.

घरी आल्यावर मी लगेच मूळ फाइलींना हात लावला नाही. आधी प्रती काढल्या आणि त्या साफ केल्या. एकेक गाव पडद्यावरून पुढे जात होतं. आई खाटेवरून विचारायची, "कुठवर आलं?"

"खर्डा झालं."

"नीट?"

"नीट."

घोडेगावपाशी ते अडलं. 'ही फाइल साफ करता येत नाही. उडवू?' मी लगेच 'नाही' दाबलं. पुन्हा चालवलं, पुन्हा तेच. आईला सांगितलं. त्या रात्री ती जेवली नाही.

भाऊ म्हणाला, "बाकीची सगळी वाचली ना? एका फाइलीसाठी किती करशील?"

"जितकं करावं लागेल तितकं," मी म्हटलं. ती फाइल एका वेगळ्या फ्लॉपीवर घेतली, तिच्यावर लाल शाईनं फुली मारली, आणि बाकी मशीन पूर्ण साफ करून घेतलं. ते पळायला लागलं. पण घोडेगाव नसताना ते पळून काय उपयोग, असं मला वाटायचं.

नवी यादी आल्याशिवाय इलाज नव्हता. मी शनिवारची शाळा सुटली की एसटीडी बूथवरून चाचांना फोन करायची. "आली का यादी?" "नाही आली, बेटी." असं करत करत संक्रांत गेली. मग एक दिवस ते म्हणाले, "ये."

लाल फुलीची फ्लॉपी घेऊन मी नगरला गेले. नव्या यादीनं तो व्हायरस नीट ओळखला. फाइल साफ झाली. फाँट लावून मी खाली खाली सरकत गेले. पानं बरोबर होती, आणि शेवटाकडे मात्र मजकूर तुटला. पुढे नुसते चौकोन. नेमकं त्या एका घराचं.

परत येताना एसटीत मी खिडकीबाहेर बघत होते आणि आईला कसं सांगायचं याचा विचार करत होते. घरी येऊन सरळच सांगितलं. "सगळं आलं. शेवटची पानं गेली. ते पाटलांच्या घराचं."

आईनं बराच वेळ चष्मा पुसला. मग म्हणाली, "बस. टाईप कर."

"आई, परत सांगणार नाहीस म्हणाली होतीस."

"म्हनले हुते. तू एवढं केलंस, मी बोलायला का कंटाळू?"

तिनं सांगायला सुरुवात केली. गोष्ट मला माहीत होती. त्या घरात तिला अंगणाच्या पुढे येऊ देत नसत. औषध द्यायचं तर तिनं ते लांबूनच ओट्यावर ठेवायचं. पण सून अडली, मूल आडवं आलं, तेव्हा सासूच धावत आली आणि आईचा हात धरून तिला माजघरात घेऊन गेली. मूल वाचलं, सूनही वाचली. सासूनं घरातल्या कपात चहा दिला. पहिल्या वेळी गोष्ट इथे संपली होती. मी थांबले.

"थांबू नको," आई म्हणाली. "म्होरलं हाय."

"पुढे काय?"

"म्होरल्या महिन्यात बाळाला डोस पाजायला गेले. सासू दारात हुती. म्हनली, नर्सबाई, तिथंच थांबा, बाळाला बाहेर आनते." आईचा आवाज स्थिर होता. "मी तिथंच थांबले. बाळाला डोस पाजला. त्या पोरानं माझं बोट धरलं. मी सोडवून घेतलं आनि निघाले. पहिल्या बारीला हे मी सांगितलं न्हवतं. गोड करून सोडलं हुतं. आता लिही."

मी लिहिलं. डोळ्यांपुढे पडदा धूसर झाला तरी हात थांबू दिले नाहीत. टाईप झाल्यावर तिनं ते पुन्हा वाचायला लावलं, आणि एक शब्दही बदलला नाही.

त्यानंतर आमच्या घरात कोणाचीही फ्लॉपी तपासल्याशिवाय आत जाईना. भावाची पोरं खेळाची फ्लॉपी घेऊन आली तरी आई खाटेवरून विचारायची, "तपासली का?" यादी घ्यायला मी दर तीन महिन्यांनी नगरला जात राहिले. उन्हाळ्यात चाचांच्याच ओळखीनं नगरमध्ये सावेडीतल्या एका लेझर प्रिंटरवर सगळं छापून घेतलं आणि स्पायरल बाइंडिंग करून आईच्या मांडीवर ठेवलं.

तिनं भिंग घेतलं. ओसरीवर, उजेडाला बसून, पहिल्या पानापासून वाचायला लागली. चार दिवस ती वाचतच होती. पाचव्या दिवशी तिनं मला हाक मारली आणि मिरजगावच्या पानावर बोट ठेवलं.

"हितं मुलगा लिव्हलायस. मुलगी झालती. लई आवाजाची हुती, साऱ्या आळीला ऐकू गेलता."

मी मशीन चालू केलं, फाइल उघडली आणि 'मुलगा' खोडून 'मुलगी' लिहिलं. आईनं ते वाक्य मोठ्यानं वाचायला लावलं, मान डोलावली आणि पान उलटलं.